राजी आणि घरचे गिऱ्हाईक

१

दिवाळी अंकात कादंबरीवर लिहावे, नाटकावर लिहावे, फार तर एखाद्या चित्रपटावर लिहावे, असा संकेत आहे. व्हिडिओ गेमवर लिहायला बसलेल्या मास्तराकडे वाचक संशयाने पाहतील, याची मला जाणीव आहे. ज्या वस्तूपायी मुलांचा अभ्यास बुडतो अशी तक्रार आम्ही शिक्षक पालकसभेत वर्षानुवर्षे करीत आलो, तिचेच परीक्षण त्या शिक्षकांपैकी एकाने लिहावे हा प्रकार गमतीचा आहे खरा. पण गेल्या दिवाळीच्या सुटीत माझ्यावर एक जबाबदारी येऊन पडली आणि ती काही टाळता आली नाही.

तुमसरला आमचे एकत्र घर आहे. धाकटा भाऊ धानाच्या व्यापारात आहे. त्याचा मुलगा पुण्याला संगणकाचे शिक्षण घेतो. दिवाळीला तो घरी आला तो एक निश्चय घेऊनच. नोकरी करायची नाही. गेम बनवायचे, आणि तेही कुणा परक्या कंपनीसाठी नव्हे, स्वतःचे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्याने हे जाहीर केले. त्यानंतर आमच्या घरात वेगळे फटाके आणण्याची गरज उरली नाही. रात्री भावाने मला माडीवर बोलावले. म्हणाला, "दादा, तू त्याले समजावून सांग. तुझं ऐकते तो. गेम म्हंजे जुगारच ना शेवटी?"

दुसऱ्या दिवशी मी पुतण्याला समोर बसवले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हटले, "मोठे बाबा, तुम्ही आधी एक गेम खेळून पाहा. मग काय म्हणायचं ते म्हणा."

पुस्तक न वाचता त्यावर अभिप्राय देणाऱ्यांचा मला स्वतःला पुरेसा अनुभव आहे. तेव्हा ही अट मला मान्य करावीच लागली. त्याने संगणक उघडून जो खेळ माझ्यापुढे ठेवला त्याचे नाव 'राजी : ॲन एन्शंट एपिक'. तो पुण्यात बनलेला आहे हे ऐकून मी जरा सावरून बसलो.

भावाच्या शंकेचे उत्तर आधीच देऊन टाकतो, कारण ती पुष्कळ घरांतली शंका आहे. पैसे लावून खेळायचे मोबाईलवरचे पत्ते निराळे आणि हा खेळ निराळा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा संमत करून पैसे लावण्याच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घातली, तेव्हा हा भेद कायद्यातही स्पष्ट केला गेला. 'राजी'मध्ये पैज नाही, डाव नाही. पुस्तक विकत घ्यावे तसा हा खेळ एकदा विकत घ्यायचा आणि मग तो आपला. एका हाती असलेल्या जुगाराच्या बदनामीने दुसऱ्या हातातल्या कलेचे नाव बिघडावे, हे तमाशा आणि नाटक या दोघांनीही आपल्याकडे सोसलेले आहे.

२

राजी ही डोंबारखेळ करणाऱ्यांतली एक पोर. तिचा धाकटा भाऊ गोलू. असुरांचा हल्ला होतो, मुले पळवली जातात, त्यांत गोलूही जातो. आणि राजी त्याला शोधायला निघते. दुर्गा तिला त्रिशूल देते. पुढे धनुष्य मिळते, तलवार मिळते. वाटेत किल्ले, राजवाडे, पाण्यावरची नगरे, वाळवंट. आणि शेवटी महाबलासुर. कथा म्हणून पाहिले तर एवढेच. बहीण भावाला शोधते, ही गोष्ट भाऊबिजेच्या आदल्या दिवशी मी हाताळत होतो, त्यामुळे माझे मन आधीच थोडे पक्षपाती झाले होते, हे कबूल करतो.

परंतु कथानक सांगणे म्हणजे समीक्षा नव्हे. आशय आणि घाट यांचे नाते कसे आहे हा खरा प्रश्न. कादंबरीत पात्र काय करते ते आपण वाचतो. खेळात ते आपणच करतो. तेव्हा या कलाप्रकारात पात्राचा स्वभाव त्याच्या हालचालीत उतरला पाहिजे. 'राजी' इथे उत्तम साधली आहे. ही मुलगी योद्धा नाही, कसरतपटू आहे. म्हणून तिचे लढणेही कसरतीचेच आहे. ती खांबाला धरून गरकन फिरते आणि त्या वेगात असुरावर त्रिशूल हाणते. भिंतीवर दोन पावले चढून उलटी उडी घेते. दोरीवर चालून चार पैसे मिळवणारी पोर आणि असुरांना भिडणारी पोर या दोन नाहीत, एकच आहे, हे इथे कुणी शब्दांनी सांगत नाही. बोटांना ते कळते. माझी बोटे खडूची सवय झालेली. दहावेळा मेलो. पण अकराव्या वेळी राजी जेव्हा खांबावरून सुटली, तेव्हा मला जे वाटले त्याला आनंद याखेरीज दुसरा शब्द नाही.

दुसरे यश चित्रकारीचे. राजस्थानातील गढ्यांचे स्थापत्य आणि पहाडी चित्रांचे रंग यांचा मेळ चित्रकारांनी हाताने रंगवून घातला आहे. मधले कथाप्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी दाखवले आहेत. आपल्या सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे नाचवतात, त्याची आठवण व्हावी अशी ती रीत. आणि एक जागा तर फारच हळवी आहे. चक्रासारखे गोल तुकडे फिरवून जुळवायचे. जुळले की राजी आणि गोलू यांच्या लहानपणातले चित्र पुरे होते. कोडे सोडवणे आणि आठवण काढणे या दोन क्रिया तिथे एक होतात. साऱ्या खेळात राजीच्या अंतरंगाचे दार एवढेच काय ते उघडते.

एवढेच, असे म्हणालो. आणि इथूनच माझी तक्रार सुरू होते. राजी बोलते थोडे. तिच्याविषयी बोलतात मात्र दुर्गा आणि विष्णू. वरून ते दोघे खेळ पाहतात आणि निवेदन करीत राहतात. भिंतीवर महिषासुरवधाचे चित्र दिसले की त्याची गोष्ट सांगितली जाते. पहिल्या आवृत्तीत हे निवेदन इंग्रजीत होते. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले. मी हिंदीत ऐकले, आणि हिंदीत ते जास्तच खटकले. नवरात्रात घट बसवणाऱ्या घरात येऊन दुर्गा स्वतःची ओळख करून देऊ लागली तर कसे वाटेल? देवळाचा पुजारी जी गोष्ट कधी सांगत नाही, कारण ती सर्वांना ठाऊकच असते, ती देवळाबाहेरचा वाटाड्या प्रवाशांना सांगतो. 'राजी'मध्ये ठायी ठायी हा वाटाड्या भेटतो. त्यामुळे गोष्ट राजीची राहत नाही, संस्कृतीच्या प्रदर्शनाची होऊ लागते. आणि भावाला शोधणाऱ्या बहिणीची तगमग त्या प्रदर्शनात हरवते. लढाया पुढे पुढे एकसुरी होतात. शेवट तर मध्येच दिवे गेल्यासारखा तुटतो. सराईत हाताला हा खेळ पाच-सहा तासांत संपतो, आणि संपला तेव्हा संपला असे वाटत नाही.

३

इतके झाल्यावर मी पुतण्याला म्हणालो, "कलावंत मोठे आहेत, पण त्यांची नजर परक्याकडे लागलेली आहे." मला वाटले मी फार मार्मिक बोललो. तो म्हणाला, "मोठे बाबा, नजर तिकडे लागली, कारण पैसे तिकडून येणार होते. इथं पैसे देऊन कोण घेते?"

मग त्याने मला या खेळाची जन्मकथा सांगितली. तीही परीक्षणाचाच भाग आहे, असे मला वाटते. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड या तिघांनी पुण्यात 'नॉडिंग हेड्स गेम्स' ही संस्था काढली. २०१७ च्या अखेरीस त्यांनी इंटरनेटवरून जगभरच्या रसिकांकडे वर्गणी मागितली. या वर्गणीचा नियम असा की ठरवलेला आकडा गाठला तरच पैसे मिळायचे, नाही तर एक पैही नाही. आकडा गाठला गेला नाही. पैसे संपत आले, तेव्हा अविचल सिंग यांनी आपले राहते घर विकून काम चालू ठेवले. पुढे परदेशातून मदतीचे अनुदान मिळाले, परदेशी प्रकाशक मिळाला, आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी खेळ प्रसिद्ध झाला. प्रथम तो आला निन्टेंडो या जपानी कंपनीच्या 'स्विच' नावाच्या यंत्रावर. आणि ते यंत्र त्या वेळी कंपनी आपल्या देशात अधिकृतपणे विकतच नव्हती! पुण्यात लिहिलेले पुस्तक प्रथम अशा भाषेत छापावे, जी पुण्यातल्या कुठल्याही दुकानात मिळत नाही, तसलाच हा प्रकार. ऑक्टोबरात तो संगणकावर आणि इतर यंत्रांवर आला. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये नवोदितांच्या उत्तम स्वतंत्र खेळासाठी जी पाच नामांकने झाली, त्यांत 'राजी' होती.

हे ऐकताना मला दादासाहेब फाळके आठवले. १९१२ साली विलायतेला जाण्यासाठी त्यांनी आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या. चित्रपटाला भांडवल मिळावे म्हणून आधी एका रोपट्याच्या वाढीचे छोटे चित्रण करून सावकाराला दाखवले. सरस्वतीबाईंचे दागिनेही कामी आले. आजचे खेळकर्तेही तेच करतात. आधी दहा मिनिटांचा नमुना बनवायचा आणि तो दाखवीत दारोदार हिंडायचे. पण इथपर्यंतच साम्य आहे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हा समोर बसलेला प्रेक्षक घरचा होता. हरिश्चंद्र कोण, हे त्याला सांगावे लागत नव्हते. म्हणून फाळक्यांना आपली सारी शक्ती हरिश्चंद्र हलता-चालता दिसावा यासाठी खर्चता आली. त्यांचे देव आपली ओळख करून देत नाहीत. ते सरळ प्रकट होतात. फाळक्यांचे गिऱ्हाईक तिकीट काढून दारात उभे होते. 'राजी'ला ते भाग्य लाभले नाही.

तेव्हा मी वर दाखवलेला दोष खरा असला तरी त्याची अर्धी जबाबदारी आपल्याकडे येते. लेखक कुणासाठी लिहितो हे पुष्कळदा पुस्तक कोण विकत घेतो यावरून ठरते. परक्या ग्राहकाला धरून लिहिलेल्या वाक्याला आपोआप तळटीप फुटते. आणि कलाकृतीला तळटिपा फुटू लागल्या की तिचा श्वास आखूड होतो.

४

आपल्याकडे खेळणारे नाहीत असे मात्र नव्हे. रस्त्याने जाताना पाहा, बसथांब्यावर पाहा, लग्नाच्या मांडवात पाहा, प्रत्येक हातात खेळ चालू असतो. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये काढलेला 'लुडो किंग' तर २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी शिरला. माझ्या आईनेही त्यात मला हरवले आहे. पण तो फुकट आहे. त्याचा खर्च जाहिराती भरून काढतात. म्हणजे आपली बाजारपेठ खेळणाऱ्यांच्या हिशेबाने प्रचंड आहे आणि विकत घेणाऱ्यांच्या हिशेबाने मूठभर. जाहिरातीवर चालणाऱ्या खेळाला लाखो माणसे रोज परत यावी लागतात. त्यामुळे तो कधी संपता कामा नये. आणि ज्याला शेवट नाही त्यात गोष्ट कशी सांगणार? एकदाच सांगायची, मनाला चटका लावून संपवायची गोष्ट या व्यवहारात बसतच नाही.

पुतण्याने कागदावर हिशेब मांडून दाखवला. समजा, खेळाची किंमत ५०० रुपये. संगणकावरचे खेळ विकणारे 'स्टीम' हे मोठे दुकान साधारण ३० टक्के कापून घेते. म्हणजे १५० गेले, ३५० उरले. तीन माणसांनी तीन वर्षे काम केले आणि महिना प्रत्येकी ३०,००० रुपयांत भागवले, तर खर्च ३२,४०,००० रुपये. नुसता हा खर्च निघायला नऊ हजारांहून अधिक प्रती खपल्या पाहिजेत; कर, प्रकाशकाचा वाटा, संगीत, भाषांतर हे सारे वेगळे. शिवाय त्या दुकानाचा एक नियम असा की दोन तासांपेक्षा कमी खेळलेला खेळ चौदा दिवसांत परत करता येतो. म्हणजे एखाद्याने दीड तासाची सुंदर छोटी गोष्ट रचली, तर ती पुरी अनुभवून पैसे परत मागण्याची मुभा गिऱ्हाईकाला आहे! लघुकथा वाचून झाल्यावर दिवाळी अंक परत करता आला असता तर आपल्या संपादकांचे काय झाले असते, याची कल्पना वाचकांनी करावी.

मी हा कागद बराच वेळ पाहत होतो. माझ्या कादंबरीच्या हजार प्रती निघाल्या होत्या. त्यांतल्या तीनेकशे आजही आमच्या माडीवर, धानाच्या जुन्या पोत्यांत, उंदरांपासून जपून ठेवलेल्या आहेत. नऊ हजार हा आकडा मला आकड्यासारखा दिसेना, डोंगरासारखा दिसू लागला.

यातून काही जणांनी वेगळी वाट काढली आहे. गुजरातेत 'स्टुडिओ ओलिओमिंगस' नावाची संस्था आहे. ध्रुव जानी आणि त्यांचे सोबती वसाहतकाळाच्या इतिहासावर, भाषांतरावर, हरवलेल्या ग्रंथांवर छोटे खेळ रचतात. हे खेळ म्हणजे चालता येण्याजोग्या कथाच. त्यांतले कितीतरी त्यांनी विनामूल्य दिले आहेत. विकायचेच नसल्यामुळे त्यांना कुणाला काही समजावून सांगावे लागत नाही. ते वाचकाला अवघड वाटेत सोडून खुशाल पुढे जातात. मला त्यांच्या स्वातंत्र्याचा हेवा वाटतो. पण अनुदानांवर आणि प्रदर्शनांवर जगणारी कला घरच्या ओसरीवर क्वचितच येते, हेही खरे.

आणि मग मला आमचीच झाडीपट्टी आठवली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत दिवाळी झाली, धान कापून झाले की मंडई भरते आणि गावोगाव नाटके लागतात. वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत. गावचे मंडळ कंपनीशी बोली करते, शेतात मंच उभा राहतो, कनाती लागतात, आणि थंडीत घोंगडी पांघरून हजारो माणसे तिकीट काढून पहाटेपर्यंत नाटक पाहतात. २०२३ साली या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. पण पद्मश्रीच्या कितीतरी आधीपासून इथल्या नटाला इथला प्रेक्षक पोसत आला आहे. मुंबई-पुण्याचे टीकाकार या नाटकांना भडक म्हणतात. असतीलही. मात्र त्यांत कुठे तळटीप नसते. ही बाजारपेठ चार जिल्ह्यांची, म्हणजे लहानच. तरीही ती उभी आहे, कारण इथे दोन गोष्टी टिकून आहेत. एक, नाटक हे पैसे देऊन पाहायचे असते ही सवय. आणि दोन, नाटक पाहून आल्यावर त्यावर चावडीत, शेतात, स्वयंपाकघरात आठ दिवस बोलण्याची सवय. मला वाटते, बाजारपेठ लहान की मोठी हे माणसांच्या संख्येवर जितके ठरते, तितकेच ते या दोन सवयींवर ठरते.

५

भाऊबिजेच्या रात्री पुतण्याने मला स्वतः केलेला खेळ दाखवला. पुरा झालेला नव्हता. वीस मिनिटांचा तुकडा. मंडईच्या गर्दीत एक पोरगा बहिणीचा हात सुटून हरवतो आणि रात्री नाटकाच्या मंचाच्या आवाजाच्या रोखाने धुऱ्याधुऱ्याने चालत जातो. बस. चित्रे ओबडधोबड होती. पोराची चाल बाहुल्यासारखी होती. पण वाटेत भेटलेली म्हातारी त्याला म्हणाली, "काहून रडतेस गा?" आणि माझ्या अंगावर काटा आला. आमच्या बोलीतला 'गा' संगणकातून ऐकू येईल असे मला कधी वाटले नव्हते. दंडार म्हणजे काय, हे तिथे कुणी सांगत नव्हते. दुरून ढोलकी ऐकू येत होती आणि पोरगा तिकडे वळत होता. 'राजी'च्या वैभवाचा शतांशही त्यात नव्हता. तरी 'राजी'त मला जे सापडले नाही ते इथे होते. हा खेळ माझ्याकडे तोंड करून बोलत होता.

टीकाकार म्हणून मी त्याला दोषही सांगितले. पोरगा घाबरलेला आहे हे नुसते ऐकू येते, बोटांना कळत नाही. राजी खांबावरून फिरते त्यात तिचे सारे आयुष्य आहे, तसे तुझ्या पोराच्या चालण्यात काय आहे? तो गप्प बसला. मग म्हणाला, "अंधारात त्याला पाय चाचपडत टाकायला लावतो. एका पावलाला एक कळ." मला ते पटले. हा संवाद आमच्यात आजवर कधी झाला नव्हता. व्याकरणाच्या चुका काढणारा मोठा बाबा एवढीच माझी ओळख होती.

भावाला मी काय सांगितले? खोटे काही सांगितले नाही. या धंद्यात बरकत क्वचित येते. घर विकण्याची पाळी येते. तेव्हा मुलाने पोटापुरती नोकरी धरावी, खेळ लहान करावा, वर्षादोनवर्षांत पुरा होईल एवढाच करावा, आणि पुरा झाल्यावर तो नातेवाइकांनाही फुकट देऊ नये. शेवटच्या अटीवर भाऊ हसला. म्हणाला, "म्हंजे मलेही इकत घ्यावा लागंल?" मी म्हटले, "पहिला तुला." तो यावर काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याने मुलाला सहज विचारल्यासारखे विचारले की, त्या पोराची बहीण शेवटी भेटते की नाही.

आपल्या परंपरेत खेळाला नेहमीच कमी लेखले होते असे नाही. सापशिडीचा पूर्वज मोक्षपट. परंपरा त्याचे नाते ज्ञानदेवांशी जोडते. फाशांच्या पटावर पाप-पुण्याचा विचार मांडावा, असे आपल्या पूर्वजांना वाटले आणि त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. मग आपणच खेळाला समीक्षेच्या दाराबाहेर का उभे करावे?

म्हणून वाचकांना एकच विनंती आहे. या दिवाळीत घरातला मुलगा किंवा मुलगी मोबाईलवर, संगणकावर खेळताना दिसेल. "ठेव तो फोन" म्हणायच्या आधी एकदा विचारा : हा खेळ कुणी केला? कुठे केला? यात कुणाची गोष्ट आहे? पुष्कळदा उत्तर येईल, माहीत नाही. कधी तरी उत्तर येईल, पुण्याला केला, नागपूरला केला. तसे उत्तर आले तर फराळाच्या खर्चातून थोडे काढून तो विकत घ्या, आणि आवडला नाही तर का आवडला नाही ते चारचौघांत मोकळेपणाने बोला. घरचे गिऱ्हाईक म्हणजे नुसता पैसा नव्हे. तो एक कान आहे. तो कान उघडा असेल, तरच पुढच्या राजीला आपल्याच भाषेत भावाला हाक मारता येईल.